आनंद झाला की गुडघे जातात

३ नोव्हें., सोम.
दिवसा केव्हा झोप लागते ते रोज लिहा, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून ही वही.
आज ३ वेळा. एकदा फवारणीचा पंप खोलताना, पाना हातातच. दुकानमालक शंकरभाऊ : "अबे उठ ना, गिऱ्हाईक उभं हाय!"
हा आळस नाही, आजार आहे. कागदावर तसं लिहून दिलंय.

५ नोव्हें., बुध.
झोप २ वेळा.
डॉक्टरांनी डोक्याचं चित्र काढून मधोमध पेनानं एक ठिपका दिला होता; तो कागद या वहीत चिकटवला. तेवढ्याच जागेतल्या पेशी अख्ख्या मेंदूला जागं ठेवतात. त्यासाठी ओरेक्सिन नावाचं रसायन सोडतात. (शब्द दोनदा विचारून लिहिला.) माझ्या बहुतेक गेल्या. हसू आलं, आनंद झाला की अंग ढिलं पडतं, तेही त्यामुळेच.
आज दारव्ह्याचा बाजार. भाजीवाल्या, जीपवाले, भांडणारे दोघं, सगळे त्या ठिपक्याच्या जोरावर उभे. आणि कोणालाच पत्ता नाही! बघतच राहिलो.

७ नोव्हें., शुक्र.
फुलसावंगीहून सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, पोरगी झाली!" आधी खाली बसलो, मगच पुढचं ऐकलं.
माझ्या आजाराचं बायकोला, कविताला माहीत आहे. तिच्या माहेरी नाही.
मुलीला हातात घेताना आनंद तर होणारच. मग?

१८ नोव्हें., मंगळ.
फुलसावंगीला बारसं. मेहुणा म्हणाला, "नाक बापाचंच आलं, आता लग्न कसं जमन हिचं?" सगळे हसले, मीही. गुडघे गेले. कोणी ओरडलं, "मिरगी!" नाकाशी चप्पल. बोटही हलेना, पण आत मी लख्ख जागा. सगळं ऐकत होतो. सासूबाई : "याच्या हाती लेकरू देऊ नोका."
उठल्यावर वहीतलं चित्र दाखवून सगळं सांगितलं. कविताच म्हणाली, "बसा खाली. पाठ भिंतीले टेकवा." पोरगी मांडीवर दिली.
डोळे उघडले तिनं. एवढंसं डोकं, त्यात तो ठिपका किती असेल? आणि तो जागा झाला होता, माझ्याकडे बघत होता. हात ढिले पडत गेले. कवितानं खालून धरलं.
हिलाही होईल का? डॉक्टरांना विचारायचं राहिलंच.

१९ नोव्हें., बुध.
सव्वा महिन्यानं दोघींना दारव्ह्याला पाठवायचं ठरलं होतं. आज त्याबद्दल कोणी बोलेना.
चहानंतर सासूबाई स्वतःच मुलीला घेऊन आल्या, माझ्याजवळ खाली बसल्या. "घ्या." घेतली. त्यांनी आपला हात खालून काढला नाही. मीही काढा म्हटलं नाही.