चोलुतेकाचा सरडा

३ मार्च
आठ महिन्यांनी नवरा एका रात्रीपुरता आला, आणि आणलं काय — पोत्यात घालून सरडा! "उसाच्या फडात सापडला. तुला सोबत होईल." म्हणजे मला सोबत हा, आणि तेयो स्वतः देशाच्या दुसऱ्या टोकाला, चोलुतेकाच्या साखर कारखान्यात. मला कधी नेणार, विचारलं. म्हणे, खोली मिळत नाही. उजाडायच्या आत निघून गेला. घरात पुन्हा मी आणि त्याची आई, दोघीच. तिला तो एकुलता एक, आणि आम्हाला मूलबाळ नाही.

४ मार्च
सासू पोत्यात डोकावली. "गारोबोच आहे, खडकातला सरडा. उपवासातल्या एखाद्या शुक्रवारी सूप कर." ईस्टरआधीच्या उपवासाला मटण चालत नाही, गारोबो चालतो, हे मलाही कळतं. पण नवऱ्यानं पाळायला दिलाय, म्हटलं. "नवरा टिकवता आला नाही घरात, निघाली सरडा टिकवायला!"
दोघांचंही तोंड बघवत नाही. तिचंही आणि त्या सरड्याचंही.

७ मार्च
कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात ठेवला. गारोबोला लागतात तसे दगड रचले, वर तापायला पत्रा. जास्वंद, केळं, टोळ — कशाला तोंड लावत नाही. नुसता बघत बसतो मेला.

१२ मार्च
बरगड्या दिसायला लागल्या. शेजारीण कुंपणावरून कांदा अन् कोथिंबीर देऊन गेली, सुपासाठी! म्हातारीनं गल्लीभर सांगून ठेवलंय. कांदा तिच्याच अंगणात परत फेकला.
मेला तर तेयो म्हणेल, एक सरडा जगवता आला नाही, तुला काय म्हणून घेऊन जाऊ? माझं जाणं या घाणेरड्या जनावरावर अडलंय. जगवायचाच.

१५ मार्च
शुक्रवार. सासूनं नारळाचं दूध काढलं आणि सुरीला धार लावत बसली. मी खुराड्यासमोर खुर्ची टाकली. "जनावरापायी सासूवर डोळे वटारतेस?" हो, वटारते. शेवटी सूप माशाचं झालं. खारट.

१८ मार्च
मासे साफ करताना त्यातला एक खेकडा सुटला आणि खुराड्यात घुसला. सरड्यानं कडाकडा फोडून खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी मान वर केली. असला गारोबो मी तरी पाहिलेला नाही.

२१ मार्च
टोपलीत घालून धक्क्यावर नेला. तिथे मिस डेल्झेना नारळाचा पाव विकते, उतिला बेटावरची. तिनं शेपूट धरून उलटापालटा केला. "अगं, गारोबो कसला! हा आमचा दलदल्या. दगडात काय ठेवतेस त्याला? हा खारफुटीच्या ढोलीत राहतो. पोकळ ओंडका दे, चिखल दे, रोज खेकडे घाल."
म्हटलं, हा चोलुतेकाचा आहे.
ती हसतच सुटली. "उतिला सोडून जगात कुठे नाही गं हा! कोणीतरी बोटीत घालून आणलाय. कोणी दिला तुला?"
मी पाव घेतला आणि घरी आले. हवा स्वच्छ असली की उतिला आमच्या धक्क्यावरून दिसतं.

२२ मार्च
ओंडका आणला, चिखल कालवला. लगेच आत शिरून बसला. त्याची सोय झाली.
तेयोला फोन केला. "ऊसतोड जोरात आहे इथे," म्हणाला. ऐकून घेतलं. रागानं फोन आपटला.

२३ मार्च
सासूला सांगितलं, उद्या सकाळच्या बोटीनं उतिलाला जाते, सरडा घेऊन. वाटलं, विचारेल, तिथे काय ठेवलंय?
 तिनं हातातलं भांडं पुसून फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "जायचं तर जा. पण सरड्याला नको नेऊस तिकडे. माझ्या नातवाला चावलाय तो."