जीप, आबा आणि काजळी

आबा, तुम्ही होतात तोवर हा शब्द मी तुमच्यासमोर एकदाही उच्चारला नाही. घरातले सगळे तुम्हाला आबा म्हणायचे, पण मी सून. सासऱ्यासमोर पदर पुढे आणि तोंड बंद, ही आपल्या घरची रीत. तुम्हाला चहा हवा असला तर तुम्ही सासूबाईंना सांगायचात, मी तिथेच चुलीपाशी उभी असले तरी. भाजीत मीठ जास्त पडलं तर तो निरोपही त्यांच्याच तोंडून, वाटेत थोडा तिखट होऊन, माझ्यापर्यंत यायचा. आज सकाळी तुमची जीप उघडून बसले, हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि वाटलं, आता लाजायचं तरी कुणाला? म्हणून लिहितेय.

जीपने पुन्हा जुनंच दुखणं काढलंय. चढ लागला की दम टाकते आणि मागे काळा धूर सोडते. इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनातच नेणारा तो ईजीआरचा रस्ता काजळीने बुजलाय. गॅरेजवाला म्हणाला, “भाभी, पत्री ठोकी देऊत, रस्ताच बंद. कटकट मिटनी.” मला ते पटेना. हा रस्ता साफ करायला मी तुमच्याकडे शिकले, बुजवायला नाही.

तेव्हा जीप तरणी होती आणि तुमचे डोळे म्हातारे. मोतीबिंदू वाढला होता, पण दवाखान्याचं नाव काढलं की तुम्हाला शेतातलं काम आठवायचं. त्या उन्हाळ्यात केळीचे घड भरलेली जीप म्हसावदच्या रस्त्यावर बंद पडली. रात्री जेवताना यांनी जीप विकायचा विषय काढला, “आबा, आते इकी टाकूत. तुमले नट बी दिखत नही.” तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात. शेती मुलाच्या हाती गेली होती, तुमची म्हणून उरली होती ती एवढी जीप. ती गेली की ओसरीवर बसून माशा मारायच्या. हे मला पदराआडूनही दिसत होतं. तुम्ही म्हणालात, “एक डाव साफ करी देखसू. नही जमनं तं इक.”

दुसऱ्या दिवशी हे शेतात गेले, सासूबाईंचे हात थरथरायचे, म्हणून उजेडासाठी बॅटरी धरायला मला बोलावलं. तुम्ही चाचपत नट सोडवता, व्हॉल्व बाहेर काढता, मी उजेड धरून उभी. आतली नळी आपल्या चुलीच्या धुराड्यासारखी, काजळी तेलात भिजून चिकट झालेली. कचरा इंजिनात पडू नये म्हणून तुम्ही पुढच्या तोंडात चिंधी कोंबता आणि दात घासायचा जुना ब्रश डिझेलमध्ये बुडवून घासू लागता. मग हात थांबतो. निघाली की नाही, हे तुम्हाला दिसत नाही. मला दिसतंय, पण मी बोलायचं नाही. मी बॅटरी हलवून पाहते, तुम्हाला काही कळत नाही. शेवटी तुम्ही बॉनेटकडे तोंड करून म्हणता, “इंजिना, तुन्हा पोटमा कितली काजळी शे रे? माले तं काही दिखत नही.”

मी पदर सावरला. मग मीही त्या लोखंडाकडेच बघत म्हटलं, “इंजिना, डावा अंगे, वाकनजोडे, जाडा थर शे.”

ब्रश बरोबर डाव्या बाजूच्या वळणापाशी गेला. दुपारभर आपण दोघं त्या इंजिनाशी बोलत होतो. गावातल्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, दोघांना ऊन लागलं. मध्येच तुम्ही इंजिनाला विचारलंत, “माहेरनी याद येस का रे?” इंजिनाला कसलं आलंय माहेर! पण मी म्हटलं, “येस. संध्याकायले जास्त येस.” हे मी यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून ते घर मला माझं वाटायला लागलं.

संध्याकाळी जीप खणखणीत सुरू झाली आणि विकण्याची गोष्ट मागे पडली. पुढे वर्षा-दोन वर्षांनी ती पुन्हा गुदमरायची. तेव्हा आपली बैठक बसायची. मग यांनी तुम्हाला जवळजवळ उचलूनच चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. पट्टी सुटल्यावर तुम्ही ओसरीवरून केळीच्या बागेच्या पार टोकाला बसलेला बगळा दाखवलात. सगळे हसले. मी आत जाऊन रडले. आनंद होताच, पण आता माझ्या डोळ्यांचं काम संपलं, आणि बोलणंही.

पुढच्या खेपेला जीप उघडलीत तेव्हा भर उन्हात बॅटरी मागवलीत. मी आले तशी म्हणालात, “इंजिना, माले आजून बी काही दिखत नही रे.”

आज एकटीने साफ केलं. जीप चालू झाली, उद्या चढावर नेऊन बघेन. हा कागद कपाटात साड्यांखाली राहील, यांनाही दाखवणार नाही. पण एक सांगायचं राहिलंय. भर उन्हात बॅटरी मागवलीत, त्या दिवशी नळी केव्हाच लख्ख झाली होती. तरी मी म्हटलं, “इंजिना, आजून काजळी शे.” तुम्ही वाकून आत नीट पाहिलंत, म्हणालात, “शे खरी,” आणि ब्रश पुन्हा डिझेलमध्ये बुडवलात.