एक स्थानिक महिला

मुरगूडजवळून, गुरुवार

प्रिय अमर,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. जेवतोस का वेळेवर, खोकला गेला का, हे सगळं विचारायचंय, पण ते मागनं. आधी माझा राग ऐकून घे. चार दिवस गिळून बसलेय, आता गिळवत नाही.

रविवारी तुझ्या माती-पाणी तपासणाऱ्या कंपनीचा अहवाल गावात आला. सरपंच गणपतरावांनी चावडीत मोठ्यानं वाचला. कारखान्याच्या वरच्या अंगाला जी दोन बोअरं मारलीत, तिथं माती-पाणी स्वच्छ. आणि तिसरं, आमच्या विहिरीजवळचं? त्यात 'एका स्थानिक महिलेने हळद-कुंकू व नारळाचे पाणी टाकल्यामुळे तेथील सर्व नमुने बाद'. म्हणजे कारखाना सुटला आणि बाईमाणूस अडकलं. अरे, चढावरची बोअरं स्वच्छ निघणारच की! नळांना मुलामा चढवून उरलेलं पिवळं पाणी उतारानं आमच्याकडं येतं, का डोंगर चढून वर जातं? शेंबड्या पोराला कळेल ते तुझ्या साहेबांना कळत न्हाय व्हय?

सगळी चावडी माझ्याकडं वळून बघायला लागली. कुणी हसलं, कुणी च्च च्च केलं. मी भुईकडं बघत बसले.

तुला आठवतं ना तो दिवस? तुझी मशीनची गाडी आमच्या दारात आली तेव्हा मी आख्ख्या गल्लीला सांगत फिरले होते, माझा भाऊ आलाय, आता दूध का दूध होणार. तांबडा-पांढरा रस्सा केला, तर तू दोन घास खाऊन पळालास, माती वर यायला लागली म्हणून. पाच-पाच फुटांवरची माती नळीतून काढून, उभी चिरून, निम्मी लॅबला आणि निम्मी लाकडी पेटीत ओळीनं मांडत होतास. मी बांधावर बसून बघत होते. तुझं काम मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला लई अभिमान वाटत होता, खरं सांगते. वीस फुटांवरची माती निघाली ती पिवळट हिरवी. तू वास घेतलास आणि पेटीवर मार्करनं खोली लिहिलीस, वेळ लिहिलीस, खाली सही केलीस.

मग संध्याकाळी पाइप बसवला आणि पाणी लागलं. आता आपल्याकडं बोअरला पाणी लागलं की गंगा पुजतात, हे काय नवीन आहे? मी ताट घेऊन आले. घरची हळद, आमच्याच रानातली. नारळ मी दिला, पण फोडला कुणी? तू! चप्पल काढून, हात जोडून. हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी मी पाइपात ओतलं तेव्हा तू अडवलं नाहीस. खोबरंही खाल्लंस. मी अडाणी, मला वाटलं बोअर म्हणजे बोअर. तुला तर ठाऊक होतं ना रे, हे प्यायचं नव्हे, तपासायचं बोअर आहे? आक्काचं मन मोडायला नको म्हणून गप्प बसलास, हे मला कळतं. पण मग त्या गप्प बसण्याचं खापर माझ्या डोक्यावर कसं फोडलंस?

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपातलं जुनं पाणी उपसून टाकलंस की. तूच मला समजावलंस, साचलेलं पाणी काढायचं, जमिनीतलं ताजं येऊ द्यायचं, मगच बाटली भरायची. माझी हळद तेव्हाच वाहून गेली. मग अहवालात ती परत कुठनं आली?

आता तुला इथली बातमी सांगते. अहवाल आला आणि सोमवारपासून पाण्याचा टँकर बंद. पाणी चांगलं असल्यावर टँकर कशाला, असं वरच्या हापिसातनं सांगितलं. विहिरीवर परत कळशा लागल्यात. माझ्या सासूबाई, बनाबाई, त्यांचे हात तू बघितलेस, ह्या पाण्यानं बोटांची सालं निघालेली. त्या म्हणतात, पोरी, तुझ्या भावानंच लिव्हलंय न्हवं चांगलं हाय म्हणून, मग पितो की. अमर, त्या तुझ्या भरवशावर ते पाणी पितायत. मी तांब्या हातातून काढून घेतला तर रुसल्या.

लहानपणी मंगळवार पेठेत शेजाऱ्यांच्या खिडकीची काच तू फोडलीस आणि मार मी खाल्ला, आठवतंय? बाबांनी तीनदा विचारलं कुणी फोडली. मी तुझं नाव घेतलं नाही. तू सात वर्षांचा होतास, दाराआड लपला होतास. आता अहवालात तूही माझं नाव घेतलं नाहीस. 'एक स्थानिक महिला'. वा रे पठ्ठ्या! साहेबांनी लिहायला लावलं असेल, नोकरीची भीती घातली असेल. असेलही. पण आता तू सात वर्षांचा नाहीस.

आता पत्र का लिहिलं ते ऐक. येत्या सोमवारी कोल्हापुरात कारखान्याविरुद्धच्या गावाच्या तक्रारीची सुनावणी आहे. जाताना तू मला बजावलं होतंस, आक्का, मातीची पेटी गोठ्याच्या माळ्यावर जप, लॅबला लागली तर न्यायला येईन. तू आला नाहीस. पेटी आहे. वीस फुटांच्या मातीपुढं तुझ्या अक्षरात दुपारचे सव्वाबारा लिहिलेत आणि माझा नारळ फुटला दिवे लागणीला. ही पेटी मी एसटीतून मांडीवर घेऊन येणार आणि सगळ्यांसमोर उघडणार. तुझ्या पाठीमागनं करायचं नव्हतं म्हणून आधी तुला कळवतेय. रविवारी ये. तुझ्या आवडीचा तांबडा करते, सकाळी मिळून जाऊ, पेटी तू उचल. नाही आलास तरी मी जाणारच. ती स्थानिक महिला मीच, हे मी उभी राहून सांगीन. ती कुणाची बहीण, ते मात्र तू सांग.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आक्का