शेंगदाण्याच्या चटणीनं बंद पाडलेली ‘ठिणगी’

जालना,
१२ मे

आदरणीय भारतमामांना धम्मपालचा सप्रेम जय भीम.

तुमची शुगर कशी आहे? गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? बेबीनंदामामींना माझा जय भीम सांगा. आई, म्हणजे तुमची ताई, ठणठणीत आहे. मी अजून एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्येच मोटारी दुरुस्त करून राह्यलो. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही मला पूर्ण बोलू देत न्हाई (शाळेतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण मध्येच ‘मुद्द्यावर ये’ म्हणायची सवय गेली न्हाई, राग मानू नका) आणि ही गोष्ट पहिल्यापासूनच ऐकायला पाहिजे.

मामा, आमची ‘ठिणगी’ आता आमच्या स्वतःच्या मशीनवर चालते! ठिणगी म्हणजे काय, हे मागं तुम्हाला सांगत होतो तेवढ्यात तुम्ही फोन मामींकडं दिला होता, म्हणून परत सांगतो. गाडीच्या इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची, हे ठरवणारा एक मेंदू असतो. कंपनी तो सीलबंद डब्यात देते. आमच्यासारखे काही येडे लोक तोच डबा घरी बसून, सोल्डर मारून बनवतात. अशा येड्यांनी एकमेकांना विचारावं, शिकवावं आणि मनसोक्त भांडावं म्हणून इंटरनेटवर जो कट्टा आहे, तो म्हणजे ठिणगी. तेराशे मेंबर! चालवणारे आम्ही तिघं, तिघंही बिनपगारी. एक मी. दुसरी पायल, बियाण्याच्या प्लांटमध्ये नोकरी करते आणि कट्ट्यावर कोणी शिवीगाळ केली की त्याला महिनाभर बाहेर काढते. तिसरा वाटूरचा बद्रीनाथ, जो तुरीत उभा राहून केनियातल्या माणसाच्या इंजिनाला औषध सांगतो.

आठ वर्षं एका भल्या माणसानं कट्ट्याला फुकट जागा दिल्ती. मार्चमध्ये त्यांचा निरोप आला की पंधरा दिवसांत जागा बंद होऊन राह्यली. चाळीस हजार प्रश्न-उत्तरं, मामा! लोकांनी हात भाजून घेऊन शिकलेली विद्या, सगळी पुसली गेली असती. मंग आम्ही एक जुना कॉम्प्युटर आणला, आमच्या गोदरेजच्या कपाटावर ठेवला आणि पायलनं अन् मी अकरा दिवस खपून सगळं त्याच्यात उतरवलं. रविवारी सकाळी कट्टा उघडला आणि पहिला निरोप थेट कोलंबोहून आला तेव्हा मी आईला उचलून गोल फिरवलं (ती म्हणाली, पोळी करपली).

आता खरी गोष्ट. त्याच आठवड्यात बद्रीनाथच्या धाकट्या भावाचं, माऊलीचं लग्न निघालं. बद्रीनाथकडं जुनी पेट्रोल जीप आहे, तिला त्यानं घरी बनवलेला मेंदू बसवलेला. नवरदेव त्याच जीपमधून जाणार म्हणून बद्रीनाथनं हट्टच धरला. मुहूर्त बारा पस्तीसचा, लग्न परतूरला. मी जीपमध्येच होतो. वाटूर फाट्याच्या पुढं दोन किलोमीटरवर जीपनं तीन आचके दिले आणि ऊन रणरणत असताना थांबली ती थांबलीच. कारण नंतर कळलं. माऊलीच्या दोस्तांनी गाणी वाजवायचा मोठा भोंगा परस्पर जीपच्या बॅटरीला जोडला होता, त्या झटक्यानं मेंदूमधला तक्ता, म्हणजे इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं त्याचे आकडे, पुसला गेला. लॅपटॉप होता, वायर होती, पण तक्ता न्हवता. तो कुठं होता? ठिणगीवर! बद्रीनाथनंच मोठ्या डौलात टाकला होता, ‘आदर्श तक्ता’ म्हणून.

आणि ठिणगी उघडेना.

मी आईला फोन लावला. म्हटलं, कपाटावरची पेटी चालू आहे का बघ.

“ती व्हय? तिचा पिन मीच काढला. चटणी वाटून राह्यले. मिक्सर काय तुझ्या डोक्यात लावू?”

म्हटलं, आई, जल्दी लाव, नवरदेव रस्त्यात बसलाय. तिनं लावला बिचारीनं. पण मशीन चालू होताना कीबोर्डचं एक बटण दाबा म्हणतं, आणि कीबोर्ड मी मिलमध्ये नेल्ता. मंग पायलला फोन केला, ती तिच्या घरचा कीबोर्ड घेऊन स्कूटीवर आमच्या घराकडं निघाली. इकडं वऱ्हाड जीप ढकलू लागलं, बँडवाले एका हातानं ढकलून दुसऱ्या हातानं वाजवू लागले, आणि माऊलीचा मामा म्हणाला, त्या ट्रॅक्टरवर बसवा पोराला. माऊलीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात पायलला वाटेतच फोन आला. कोइंबतूरचे एक काका, ज्यांना तिनं आदल्याच आठवड्यात हाकललं होतं (बद्रीनाथचा तक्ता चुकीचा आहे म्हणून त्यांनी लई वाईट शब्द वापरल्ते). कट्टा बंद आहे हे तेराशेपैकी फक्त त्यांनाच कळलं, कारण आपल्याला परत घेतलं का, हे ते दर पाच मिनिटांनी बघत होते! पायलनं तिथंच स्कूटी उभी करून हकिगत सांगितली. काकांकडं तक्ता होता, चुका दाखवायला उतरवून घेतलेला, आणि चुका दुरुस्तही केलेला. दोन मिनिटांत माझ्या फोनवर आला. मी वायर जोडली, तक्ता भरला, चावी फिरवली.

मामा, जीप अशी सुरू झाली की बँडवाला दचकला. आणि अगोदरपेक्षा गोड चालली! बद्रीनाथ परतूरपर्यंत इंजिनाचाच आवाज ऐकत बसला. मांडवात उतरताना हळूच म्हणाला, “काका बराबर होते. त्यांना आत घ्या.” आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो, तर नवरीकडचे अजून आंघोळीच्या रांगेत होते.

काका आता आमचे चौथे स्वयंसेवक आहेत. पायलनं कट्ट्यावर खरं कारण लिहिलं, ‘शेंगदाण्याच्या चटणीमुळं दोन तास सेवा बंद होती’, तर सव्वीस जणांनी चटणीची कृती मागितली. आई ती सांगून राह्यली आणि मी टाइप करून राह्यलो. एवढी खूश मी तिला माझ्या नोकरीच्या दिवशीही बघितली न्हवती.

तब्येतीला जपा. मामींचा शब्द मोडू नका.

तुमचा भाचा,
धम्मपाल

ता. क. : तुमच्या गच्चीवर सोलार आहे, शिवाय मामींच्या मालिकांसाठी घेतलेलं वायफाय दिवसभर मोकळंच असतं. मशीन तुमच्या घरी एका कोपऱ्यात ठेवू द्याल का? बिलकुल त्रास न्हाई. विचार करून कळवा, घाई न्हाई.

ता. क. २ : मामींनी विचार केला आहे. तुम्ही पेन्शनच्या कामाला गेल्तात त्या दिवशीच मशीन तुमच्या माळ्यावर, जुन्या वह्यांच्या मागं बसवलं.

ता. क. ३ : परवा फोनवर तुम्ही म्हणालात की माळ्यावर घूस गुरगुरते आणि रविवारी काठी घेऊन चढणार. मामा, पाया पडतो, काठी घालू नका. आत तेराशे माणसं आहेत.