कमलीबाईंची माती आणि मामांचा पत्ता

तीर्थरूप छगनमामांस,

भाचा अमृतचा साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, मामींचा खोकला थांबला असेल, केळीचे घड नीट निसवले असतील. मीही शहाद्याच्या वर, सातपुड्यातल्या शाळेत सुखरूप आहे. पाठ तेवढी धरली आहे. त्याचीच हकिगत.

गेल्या आठवड्यात पाचवीला ‘खडकापासून माती’ शिकवत होतो. उन्हाने खडक फुगतो, गारव्याने आकसतो आणि शेवटी तडकतो, हे मुलांना पटेना. म्हणून शाळेची खिचडी शिजवणाऱ्या कमलीबाईंच्या चुलीचा एक दगड चिमट्याने ओढून त्यावर तांब्याभर पाणी ओतले. दगड दुभंगला. प्रयोग यशस्वी. (पातेले त्याच दगडावर टेकले होते, हे खिचडी अंगणात पसरल्यावर लक्षात आले.)

बाई रागावण्याआधीच मी घाईघाईने ज्ञानदान सुरू केले : भेगांत पाणी शिरते, मुळे शिरतात, दगडाचा मुरूम होतो, त्यात पालापाचोळा कुजतो, बोटभर माती व्हायला शेकडो वर्षे लागतात. बाईंचा उगारलेला झारा तसाच थांबला. यंदाच्या पावसात त्यांचे उतारावरचे अर्धे शेत वाहून गेले आहे. त्यांनी हळूच विचारले, “मग माझी माती गेली कुठे, गुरुजी?”

मामा, विचारले की उत्तर द्यायचे, ही आम्हा मास्तरांची खोड. सांगितले, ओढ्यातून गोमाई नदीत, गोमाईतून प्रकाशा गावाला तापीकाठी. तिथेच थांबायचे, पण मी अभिमानाने म्हणालो की तिथे माझ्या मामांची काळीभोर जमीन आहे.

“म्हणजे माती तुमच्याच घरात आहे,” बाई म्हणाल्या.

त्यानंतरचा रविवार मी त्यांच्या शेतात, उताराला आडवा दगडी बांध रचण्यात घालवला. (मी एक दगड निवडेपर्यंत त्या चार रचत.) गुरुवारी जोराचा पाऊस आला. सकाळी जाऊन पाहिले, तर बांधामागे चार बोटे गाळ अडला होता. बाई खाली बसल्या, त्यावरून तळवा फिरवला आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. बारा वर्षांच्या नोकरीत मला इतके बरे कधी वाटले नव्हते.

मामींना नमस्कार.

आपला,
अमृत

ता.क. : बांध अजून अर्धा बाकी आहे. तो तुमच्या वाट्याचा, असे बाईंनी ठरवले आणि मी तुमच्या वतीने होकार दिला. येत्या रविवारी यावे. मामींना एवढ्यात सांगू नका, “हाऊ पोऱ्या काय करी ऱ्हायना?” म्हणत माझ्या उद्योगांवर चिडतील.

आणखी एक : ट्रॅक्टर घेऊनच या. ट्रॉली रिकामी आणू नका, बाईंची माती भरून आणा. काळीभोर सोडून भलतीच भरलीत, तर बाईंना कळेल.