कडेला दुमडणारी ओळ

प्रिय ताई,

आपण दोघी एकाच पुस्तकात डोकं घालून वाचायचो, आठवतं? तू पान उलटायचीस तेव्हा माझ्या दोन ओळी हमखास राहिलेल्या असायच्या.

तुझ्या लेकाने बाबांच्या आठवणींची वही टाईप करून वेबसाइटवर टाकली, तेव्हापासून फोनवर वाचतानाही माझं तेच चाललं होतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर पळायची. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी लावलेल्या सवयीने मी ओळीखाली पट्टी ठेवली, तर पानच सरकून गेलं. सूनबाई हसून हसून बेजार.

"आई, द्या इकडे, मी वाचून दाखवते."

"नको गं," म्हटलं, "माझं मी वाचलं की ते बाबांच्या आवाजात ऐकू येतं."

मग चार ब्राउझर पालथे घातले. पाचव्यात अक्षर हवं तेवढं वाढतं आणि ओळ कडेला दुमडून खाली येते. आता रोज दोन पानं माझी मी वाचते. डावा डोळा जरा आळशी झालाय, पण डॉक्टर म्हणतात, उजव्यावर भागेल. तू काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

माझ्यासाठी ठेवलेलं बाबांचं भिंग वहिनीला दे, पेन तुझ्या लेकाला. वही मात्र तुझ्याकडेच राहू दे. बाबांचं ते अक्षर मला डोळे मिटूनही दिसतं.

तुझी,
दोन ओळी मागे राहणारी धाकटी