पेटीच्या पाठीला पंखा

आये, तुझा विसराळूपणा अख्ख्या आळीला ठाऊक होता, म्हणून आधी सांगून टाकते मी कोण ते. तुझी थोरली. मिठागरांच्या शेजारी जन्म काढून आमटीत मीठ घालायला विसरणारी पेणमधली एकच बाई होती, तिची मी लेक. बाबा पहिला घास घेऊन गप व्हायचे, मिठाची वाटी पुढे ओढायचे, आणि तू चुलीकडे बघतच म्हणायचीस, "दिवसभर खाडीचा वारा खाता, आनखी किती मीठ पायजे?" चूक तुझी आणि ऐकून घ्यायचं त्यांनी. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तर तू आम्हां सगळ्यांनाच विसरून बसली असशील. बस इथे. एक गोष्ट सांगायची आहे, ती संपेपर्यंत तरी लक्षात ठेव.

मी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरात ओट्यापाशी बसून बोलते आहे आणि माझी धाकटी लिहिते आहे. तुझी नात, तू गेल्यावर झालेली. मी 'नाय' म्हटलं की ही 'नाही' लिहिते. मला अक्षर येत नसलं तरी तिचं पेन जरा जास्त वेळ चालतं ते दिसतं. लिहू दे. तिच्या शाळेचे पैसे वसूल होऊ देत.

हिला तू पाहिलं नाहीस, पण हिच्या भावाला पाहिलंस. मूर्तीच्या कारखान्यात तू माती मळायचीस आणि तो तुझ्या मांडीला टेकून गणपतीची शाडू खायचा. मी ओरडले की तू म्हणायचीस, खाऊ दे, पोटात देव जातोय. तो पोरगा पुढे अमेरिकेला गेला. एकटाच राहायचा. लग्नाचं काढलं की म्हणायचा, भाकरी गोल जमली की करीन. त्यानं एका ओळखीच्या माणसाबरोबर मला एक पेटी पाठवली. टीव्हीच्या लेकरासारखी दिसते, फोनच्या तारेला जोडायची. तिकडची वीज वेगळी म्हणून मधे एक विटेएवढा जड ठोकळा. एक बटण दाबलं की त्यानं तिकडून पाठवलेलं इकडे दिसतं. इतरांची मुलं चिठ्ठ्या धाडतात, हा आपलं तोंड धाडायचा. म्हणाला, आई, तुला वाचता येत नाही ना, मग बघ. बर्फात उभा, बसमध्ये बसलेला, करपलेली भाकरी हातात धरून हसणारा. इथून गेला तेव्हा केस काळेभोर होते. त्या पेटीत बघता बघता कानाशी पांढरे झाले, चष्मा लागला, गाल खाली आले. माझा मुलगा म्हातारा होताना मी फक्त तिथेच बघितला. घरातल्या कागदावरच्या फोटोंत तो अजून पोरगाच आहे.

यंदा उन्हाळ्यात त्याच्या ऑफिसातल्या एका बाईंचा फोन आला. मोडक्या हिंदीत सांगितलं, कामावर येताना रस्त्यातच बसला तो उठला नाही. सगळं तिकडेच झालं. आमच्याकडे राखेचा एक डबा आला, तो कुंडलिका नदीत सोडला. मी रडले की नाही ते विचारू नकोस, ही लिहिणारी आत्ताच नाक ओढते आहे.

तेराव्यानंतर मी पेटीचं बटण दाबलं. होता तिथेच, भाकरी घेऊन हसत. मग रोज दाबायला लागले. जावई, या लिहिणारीचा नवरा, रोह्याच्या कंपनीत मशिनं दुरुस्त करतात, शिफ्टनं. एक दिवस ते शेजारी येऊन बसले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "मामी, या पेटीत काय राहत नाय. ही नुसती खिडकी हाय. फोटो सगळे तिकडे. त्याच्या नावाचं खातं या महिन्याअखेर बंद होतंय. मग तुम्ही बटण दाबाल नि काय दिसणार नाय." मी म्हटलं, म्हणजे ही माझ्यासारखीच की, सगळं बघते आणि पोटात एक अक्षर राहत नाही. ते हसले नाहीत.

मग त्यांनी कंपनीतल्या कॉम्प्युटरच्या माणसाला विचारून हार्ड डिस्क आणली. साबणाच्या वडीएवढी चपटी डबी. ती पेटीच्या पोटात बसवायची, म्हणजे तिकडचं इकडे साठवता येतं. पेटी उघडली तेव्हा मी तोंड फिरवलं. त्यानं पाठवलेल्या वस्तूचं पोट फाडलेलं बघवेना. डबी बसली, पेटी चालली, आणि चहा गाळेपर्यंत इतकी तापली की आपणच बंद पडली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. जावई म्हणाले, हिच्या आत वारा खेळायला जागा नाही, पंखा हवा.

पंखा म्हटल्यावर तू आठवलीस. मी परकरी पोर आहे. कारखान्यात शाडूचा गणपती नुकता साच्यातून निघाला आहे, ओला, तुकतुकीत. तो लवकर सुकावा, तू लवकर घरी यावीस, म्हणून मी सुपानं वारा घालते आहे, घालते आहे, आणि सोंडेपासून पोटापर्यंत केसासारखी चीर जाते. मालक आत होता. तू माझ्या हातातलं सूप काढून घेतलंस आणि हळूच म्हणालीस, "वारा घालून नाय सुकत गो. सावलीत ठेवायचं नि गप बसायचं. तू काय देवाची दाई लागून गेलीस?" मारलं असतंस तर मी विसरले असते. चीर तू पाण्याच्या बोटानं बुजवलीस आणि मालकाला कळलं नाही. पुढे माझं लग्न होऊन मी अष्टमीला निघाले तेव्हा बोचक्यात वर ठेवलास तो ताडाचा पंखा. म्हणालीस, घे, आता घाल कुणाला घालायचा तो वारा. सगळे हसले. मीच रागावले होते.

तर जावई पंखा आणायला पेणला गेले, तिथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे. कुठल्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला तळहाताएवढा पंखा घेऊन आले. येताना आपल्या आळीतून आले म्हणे. आता मूर्ती प्लास्टरच्या, आणि हे मोठाले पंखे लावून सुकवतात, रांगेनं. तू बरी वेळेत गेलीस. तो पंखा पेटीच्या आत काही मावेना. शेवटी पाठीला भोकं पाडून तांब्याच्या तारेनं बाहेरूनच बांधला, शाळेच्या पोराच्या दप्तरासारखा. चालला. घरघर करत चालला.

हे सगळं होईपर्यंत महिना संपत आला होता. त्यात आमचा फोन दोन दिवस मुका. इकडे पहिली तारीख उजाडली तेव्हा लागला, तिकडे अजून महिन्याचा शेवटचा दिवस होता. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपली सकाळ, आणि तिकडे दिवस पालटला की खातं बंद. जावई रात्रपाळी करून तसेच येऊन बसले होते. फोटो येतो तो कसा येतो तुला सांगते. वरून खाली, झिरपल्यासारखा. आधी केस, मग कपाळ, मग डोळे, मग नाक. तू मूर्तीचे डोळे आखणाऱ्यांना चहा द्यायला त्यांचा हात उचलेपर्यंत थांबायचीस ना, तसं आम्ही थांबलो होतो. एक पुरा झाला की डबीत जातो, मग दुसरा. बर्फातला आला. बसमधला आला. पेटीला हात लावला तर तवा. मी उठले, फळीवरून तुझा तो ताडाचा पंखा काढला आणि पेटीला वारा घालायला लागले.

"मामी, त्यानं काय होनार नाय," जावई म्हणाले.

"ठावक हाय, जावयबापू. नुसती बसून काय करू?"

लेकीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी वारा घालत राहिले. मला फोन करता येत नव्हता, वाचता येत नव्हतं, तिकडच्या लोकांना थोडं थांबा म्हणता येत नव्हतं. भाकरीचा फोटो यायला लागला. केस आले, कपाळ आलं, डोळे आले. नाकाच्या शेंड्याशी थांबला. जावयांनी सगळी बटणं दाबली, तार काढून परत लावली. पंखा चालत होता, पेटी चालत होती. तिकडचं दार लागलं होतं.

तो फोटो आता तसाच आहे. हसणं नाही, भाकरी नाही. रोज लावते. पहिल्या दिवशी लेक त्याच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "आई, वय झाल्यावर दादाचं कपाळ वेगळंच झालं. आजीचं होतं काय गो असं?" मी म्हटलं, व्हय, तसंच, अगदी तसंच. तिला बरं वाटलं.

आये, मला ठाऊक नाही. तुझा एकही फोटो कुणी काढला नाही, आणि मी डोळे मिटते तेव्हा मातीनं भरलेले हात दिसतात, सूप दिसतं, आवाज येतो, वर बघितलं की काही नाही. तुला विसराळू म्हणत म्हणत मीच तुझं तोंड हरवून बसले. हे वाक्य लिहिताना लेकीचं पेन थांबलं आहे. लिही गो, आजीला कुठे वाचता येतंय.

हे पाठवायचं कुठे, म्हणून डाळीच्या डब्याखाली ठेवणार आहे. तो तिकडे आला असेल तर ओळख त्याला, शाडू खाणारा तोच, केस पांढरे झालेत एवढंच. जेवायला घाल. आणि पित्रांच्या दिवसांत कुणी इकडे येणारं असेल तर माझ्यासाठी जवळ्याची चटणी पाठव, तुझ्या हातची. मीठ घालू नकोस. अळणी लागली की मला कळेल, तूच केलीस.